खारी नदी आणि अळणी जेवण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दारं धरणं, वाफ्यांना पाणी देणं. तेही अमेरिकेत, फिनिक्सजवळ, मुलाच्या घरामागच्या परड्यात. गावाकडं सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. पण तिथल्या जुन्या वस्तीत अजून पाटाचं पाणी पाळीनं येतं. परड्याच्या कोपऱ्यात जमिनीत लोखंडी झाकण असतं, त्याची चाकी फिरवली की पाणी बुडबुडत वर येतं आणि सगळं परडं भरतं. तिथली माणसं त्या पाण्यावर गवत आणि संत्र्याची झाडं जगवतात. आम्ही वाफे केले होते.

दारं धरणं हे दोन माणसांचं काम. एक जण वरच्या तोंडाला फावडं घेऊन उभा राहतो आणि वाफ्याचं दार फोडतो. दुसरा शेवटाला. पाणी शेवटाला पोचलं की तो हाळी देतो, मग वरचा ते दार बुजवून पुढचं फोडतो. हाळी लवकर दिली तर शेवट कोरडा राहतो, उशिरा दिली तर बांध फुटतो. लग्न झाल्यापासून मी वर आणि ती शेवटाला, असंच चालत आलं होतं.

त्या दिवशी तिच्यानं उभं राहवत नव्हतं. संत्र्याखाली घडीची खुर्ची टाकून तिला बसवली. पायात चप्पल चढत नव्हती म्हणून अनवाणीच होती. मे महिना होता, दुपार उतरली होती तरी भिंती तापलेल्या.

"आलं का?" मी विचारलं.

"येतंय. घाई करू नका."

"घाई मी न्हाई करत. तुझा श्वास हितपर्यंत ऐकू येतोय."

"माझा श्वास ऐकू नका, पाणी बगा. तुमच्या पायाशी बांध पाझरतोय."

खरंच पाझरत होता. मी दोन फावडी माती टाकून दाबली. त्या दिवशी मला दोन ठिकाणी लक्ष ठेवायचं होतं, बांधाकडं आणि तिच्याकडं, आणि दोन्ही एकदम जमत नव्हतं. कुंपणापलीकडं शेजारचा म्हातारा गोरा उभा होता. आमच्यानंतर पाळी त्याची. त्यानं मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवलं. हिनं खुर्चीतूनच त्याला हातानं थांब म्हणून खूण केली आणि मला म्हणाली, "त्याच्याकडं बगू नका. आज तोंडोतोंड भरा."

पाणी तिच्या पायांशी आलं तेव्हा तिनं पाय वर घेतले नाहीत. तसेच पाण्यात ठेवले.

"भरलं," ती म्हणाली. आवाज बारीक होता. एवढ्या लहान परड्यातही ऐकायला मला पुढं जावं लागलं.

आता मागचं सांगतो.

त्याच्या दोन वर्षं आधी तिथल्या डॉक्टरनं आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं की तिचं हृदय थकलंय. अंगातलं पाणी ते बाहेर टाकत नाही. पाणी आधी पायात साठणार, मग वर चढणार, छातीत. मीठ बंद, पाणी पेल्यानं मोजून. मुलगा शेजारी बसून मराठीत सांगत होता, "अण्णा, स्ट्रिक्टली सांगितलंय, सोडियम एकदम लो पाहिजे." मुलगा कॉम्प्युटरच्या चिपा करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याला ते शब्द कळत होते. मला डॉक्टरचं बोट बघून कळलं. त्यानं तिच्या नडगीवर बोट दाबलं आणि काढलं, तर तिथं खळगा तसाच राहिला.

असा खळगा मी आधी पाहिला होता. आमच्या रानात.

आमच्या गावाला पाट आला तेव्हा मी तरणा होतो. पाणी आलं म्हटल्यावर सगळ्यांनी ऊस लावला आणि पाणी नुसतं सोडून ठेवलं. कुणी सांगितलं नाही आणि सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं. काही वर्षांनी पाणी साठून जमीन चिबडली. टाच रोवली की खळगा पडायचा आणि खळग्यात पाणी यायचं. मग एके हिवाळ्यात सकाळी बघतो तर बांधाच्या कडेनं पांढरं फुललेलं. मीठ. पहिल्या वर्षी उसाची पानं करपली, पुढं गहूसुद्धा उगवला नाही. पाणी आत आणायचं सगळ्यांना ठाऊक होतं, बाहेर काढायची वाट कुणी केली नव्हती. मी कारखान्यात उसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर लागलो आणि शेती तिथंच संपली.

दवाखान्यातून परत येताना गाडीत तिनं मला विचारलं, "काय म्हणाला वो डॉक्टर? नीट सांगा. ह्यो पोरगा गोड करून सांगतोय."

मी म्हणालो, "आपलं रान झालं तसं झालंय."

"म्हंजे मी चिबडले म्हणा की."

"होय."

सूनबाईनं पुढच्या सीटवरून मागं वळून माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिच्या सासूला थोबाडीत मारलीय. पण ही हसली. तिला नीट कळलं होतं. सोडियमपेक्षा लवकर कळलं.

त्या दिवसापासून घरात तिचं जेवण अळणी झालं आणि माझंही. यात प्रेम वगैरे काही नाही. माझ्या ताटात मीठ असतं तर तिचा हात तिथं आला असता, हे मला ठाऊक होतं. मुलगा, सून आणि नात आपापलं मीठ वरून घ्यायची. आम्ही दोघं समोरासमोर बसून चिखल खाल्ल्यासारखं वरण खायचो. ती म्हणायची, "आपल्याकडं माणूस मेल्यावर घरातली अळणी खात्यात. तुम्ही मी जित्ती असतानाच सुरू केलंय."

"गप जेव."

"जेवतेय की. सुतकाचं जेवण टाकू नये म्हणत्यात."

रोज सकाळी चहाआधी मी तिची नडगी दाबून बघायचो. मग न्हाणीतल्या काट्यावर उभी करायचो. कारखान्यात जन्मभर उसाच्या गाड्या मोजल्या, इथं बायको मोजायला लागलो. काटा थोडा वर दिसला की दिवसभर माझं चित्त ठिकाणावर नसायचं. पाणी काढायची एक गोळी होती, ती घेतली की ती दर थोड्या वेळानं धावायची आणि धावता धावता मला सांगायची, "निचरा चालू हाय, काळजी करू नका." काळजी मी करतच होतो. हा उन्हाळा तिला निघेल का, एवढं एकच माझ्या डोक्यात असायचं. तो निघाला की पुढचा.

एकदा स्वयंपाकघरात गेलो तर ही नळाखाली काहीतरी धरून चोळत होती. जवळ जाऊन बघितलं तर आंब्याच्या लोणच्याची फोड. लाल पाणी खाली चाललं होतं.

"काय करतीस?"

"मीठ धुतेय."

"लोणच्याचं मीठ धुऊन जातं का?"

"जमिनीचं जातंय, मग फोडीचं का न्हाई जाणार? तुम्हीच म्हणता ना, पाणी पाजलं की मीठ धुऊन जातं."

मी डोक्याला हात लावला. म्हणालो, "बाई, जमिनीचं मीठ वरवर येतं. फोडीत वरीसभर मुरलेलं असतं. आतपर्यंत गेलेलं. ते असं निघत न्हाई." तिनं ऐकलं नाही. फोड तोंडात टाकली आणि चावली.

"मीठ गेलं का न्हाई कळंना," ती म्हणाली. "चव मात्र गेली."

हे असं किती दिवस चाललं होतं कोण जाणे. मी ती बरणी उचलून गॅरेजमध्ये कपडे धुवायच्या साबणाच्या खोक्यामागं ठेवली. तिनं शोधली नाही. किंवा शोधली असेल तर मला बोलली नाही.

डॉक्टरनं सांगितल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मुलानं आम्हाला जुनी माणसं दाखवायला नेलं. म्हणजे माणसं नव्हती, त्यांच्या खुणा. विमानतळाजवळच मातीचा मोठा उंचवटा आहे, पडक्या भिंती आहेत, आणि डोक्यावरून विमानं जातात. मोठी टोपी घातलेली एक बाई सगळ्यांना फिरवत होती. ती बोलायची आणि मुलगा त्यातलं निम्मं आम्हाला सांगायचा. पण भिंतींच्या पलीकडं तिनं जे दाखवलं ते मला कुणी सांगावं लागलं नाही. तो पाट होता. बुजलेला, अंगावर झुडपं आलेला, पण पाटच.

त्या लोकांना होहोकाम म्हणतात. हजार वर्षं त्यांनी त्या वाळवंटात शेती केली, मका, घेवडा, भोपळा, कापूस. लोखंड नव्हतं, बैल नव्हता, चाक नव्हतं. लाकडानं आणि दगडानं उकरून त्यांनी मैलोन् मैल पाट काढले आणि नदी वळवून रानात आणली. पुढं गोरे शेतकरी आले तेव्हा त्यांनी तेच जुने पाट साफ करून पाणी सोडलं, आणि आजचे सिमेंटचे पाट पुष्कळ ठिकाणी त्याच वाटेनं जातात. म्हणजे माझ्या मुलाच्या परड्यात येणारं पाणी त्यांनीच आखलेल्या रस्त्यानं येत असेल. मला हे ऐकून बरं वाटलं. पण ते थोडाच वेळ टिकलं.

हिनं विचारलं, "मग ही माणसं गेली कुठं?"

मुलानं टोपीवाल्या बाईला विचारलं. ती बराच वेळ बोलली. मुलगा म्हणाला, "नक्की कुणालाच माहीत नाही, आई. काही म्हणतात मोठे पूर आले आणि पाट फुटले. काही म्हणतात दुष्काळ. काही म्हणतात आपापसात भांडणं. आणि काही म्हणतात, पाणी देऊन देऊन जमिनी खारट झाल्या. होहोकाम नावाचा अर्थच काहीतरी संपून गेलेले, असा आहे."

जमिनी खारट झाल्या म्हटल्यावर मी हिच्या पायांकडं बघितलं. बुटांच्या वर मोजे रुतले होते.

ही मात्र वेगळंच धरून बसली. "संपले कसे? मग ती घेवड्यावाली बाई कोण?"

रस्त्याकडेला एक आदिवासी बाई बसायची, तिच्याकडून आम्ही बारीक तपकिरी घेवडा घ्यायचो. थोड्या पाण्यावर येतो, उन्हाला भीत नाही. टोपीवाल्या बाईनं मान हलवली. म्हणाली, बरोबर आहे, इथले आदिवासी म्हणतात की ती माणसं आमचेच वाडवडील. मोठी गावं सोडून ते लहान लहान वस्त्यांत पांगले.

"म्हंजे गाव मोडलं. माणसं न्हाई मोडली," ही म्हणाली आणि समाधानानं दगडावर बसली.

माझं समाधान झालं नाही. मी मुलाला म्हणालो, "मिठाचं विचार. त्यांनी काय केलं मिठाला?"

त्यानं विचारलं. बाईनं दोन्ही हात पसरले. म्हणाली, असंही एक म्हणतात, एवढंच.

मग मी माझ्याच डोक्यानं विचार करत बसलो, चूक असेल तर असो. त्यांची नदी तेव्हा वाहती होती. पूर आला की रानावरून पाणी जायचं आणि मीठ घेऊन जायचं. एखादा तुकडा पांढरा पडला तर तो सोडून दुसरा धरायचा, जागा पुष्कळ होती. आता ती नदी कुठं आहे? घरी येताना पुलावरून गाडी गेली तेव्हा मी खाली पाहिलं. नुसते धोंडे आणि एक मोडकी बाजाराची ढकलगाडी. सगळं पाणी वर धरणात धरून पाटात घातलेलं. पुलाच्या पाटीवर नदीचं नाव होतं. मी मुलाला त्याचा अर्थ विचारला.

"खारी नदी," तो म्हणाला.

"नावात सांगितलंय, तरी तुम्ही हितं घर घेतलंत."

"अण्णा, घर घेताना नदीचं नाव कोण बघतं? स्कूल डिस्ट्रिक्ट बघतात."

शेजारचा म्हातारा पूर्वी कापूस लावायचा. त्याचं रान विकलं गेलं आणि त्यावर आता एकसारखी घरं आहेत. एका रविवारी तो आम्हाला त्याच्या ट्रकमधून शहराबाहेर घेऊन गेला, मुलगा सोबत होता. तिथं नजर जाईल तिथवर कापूस आणि लसूणघास, जमीन पोळपाटासारखी सपाट. प्रकाशाची रेघ मारून मशीननं सपाट करतात म्हणे. सिमेंटच्या पाटावर वाकड्या नळ्या टाकलेल्या, प्रत्येक नळीतून एका सरीला पाणी. पाणी कुठलं तर दुसऱ्याच नदीचं, राज्याच्या पार त्या कडेचं, पंपांनी डोंगरावर चढवून आणलेलं. जुनी माणसं नदी देईल तेवढं घ्यायची. ही माणसं विजेनं नदीला ओढून आणतात.

मी मुलाकरवी म्हाताऱ्याला तेच विचारलं. मिठाचं काय?

म्हातारा म्हणाला, पिकाला लागतं त्यापेक्षा जास्त पाणी देतो, म्हणजे मीठ खाली जातं. काही ठिकाणी खालून नळ्या घातल्यात, खारं पाणी काढून न्यायला.

"आणि नळ्या न्हाईत तिथं? खाली म्हणजे कुठं?"

त्यानं खांदे उडवले. "खाली," तो म्हणाला.

मला राग आला. एवढी मोठी मशिनं, आणि उत्तर आमच्या गावातल्यासारखंच. ही ट्रकमध्येच बसली होती, खिडकीत कोपर टेकून. माझं तोंड बघून म्हणाली, "त्याच्यावर कशाला चिडताय? रान त्याचं, तेपण विकलेलं. काळजी तुम्हाला."

"काळजी रानाची न्हाई."

"ठाऊक हाय कशाची ते," ती म्हणाली. "चला, मला जायचंय. गोळी घेतलीय."

शेवटच्या साली वसंतात आमच्या वाफ्यांच्या बांधावर पांढरी कड दिसली. मी एकटाच होतो तेव्हा बोट लावून जिभेवर ठेवलं. तेच. मी खुरप्यानं वरचा थर खरवडून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि घरात काही बोललो नाही. त्या आठवड्यात तिची नडगीही जास्त खोल दबत होती. डॉक्टरनं गोळी वाढवून दिली होती. मला वाटायला लागलं की दोन्हींचा काही संबंध आहे. असा संबंध नसतो हे मला समजतं. तरी रोज सकाळी आधी तिचा पाय बघायचो, मग परड्यात जाऊन बांध बघायचो, आणि एकीकडं कमी दिसलं की दुसरीकडंही कमी असेल असं वाटायचं.

ती मला म्हणाली, "खरवडून काय होतंय? दिसलं मला. पुढच्या पाळीला तोंडोतोंड भरा, खाली जाऊ दे."

"खाली जाऊन परत वर येतंय."

"येऊ दे. तवर एक पीक निघतंय."

म्हणून त्या दिवशी तोंडोतोंड भरायचं होतं. आणि भरलं. सगळे वाफे भरले, बांध फुटला नाही. मी चाकी आवळून बंद केली, शेजारच्याला हात केला, तो त्याच्या परड्याकडं गेला. हिचे पाय मी टॉवेलनं पुसले. पाण्यातून काढलेले म्हणून थंड होते.

"आता उन्हाळा निघंल," ती म्हणाली. वाफ्यांबद्दल म्हणाली असणार. मी "निघंल" म्हणालो.

संध्याकाळी तिनं दोन घास खाल्ले आणि आडवं होववेना म्हणून बसून राहिली. मग श्वास घेताना घरघर यायला लागली. मुलानं फोन केला, अँब्युलन्स आली. दवाखान्यातलं मी लिहिणार नाही. सगळं इंग्रजीत चाललं होतं आणि मला कुणाचं बोट बघायचं तेही कळत नव्हतं. उजाडायच्या आत ती गेली. पाणी छातीपर्यंत चढलं होतं.

तिथं गेलेल्या माणसाला लगेच घरी आणता येत नाही. मधे त्यांची माणसं असतात, कागद असतात, काही दिवस जातात. सकाळी मुलगा फोनवर तेच बोलत होता. घरात काहीच करायला नव्हतं. मी मागं गेलो. पाणी जिरलं होतं. खुर्ची तशीच होती, तिचे पाय चिखलात रुतले होते. बांधावर पांढरं दिसत नव्हतं. ओल आहे तोवर दिसत नाही, वाळल्यावर कळतं. मी खुर्ची उपसली, पाय नळावर धुतले आणि घडी करून भिंतीला लावली.

आत आलो तर एक मराठी बाई आलेली. सून तिला मावशी म्हणते, दोन गल्ल्या पलीकडं राहते. आपल्यात सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून ती घरून पिठलं-भात करून घेऊन आली होती. तिनं सगळ्यांना वाढलं. माझ्यापुढं ताट ठेवताना हळू आवाजात म्हणाली, "काका, अळणी आहे हं. मुद्दामच. दहा दिवस पाळायचं असतं ना."

मी ताटाकडं बघत बसलो. समोरची जागा रिकामी होती.

मग उठलो, गॅरेजमध्ये गेलो, साबणाचं खोकं सरकवलं. बरणी तिथंच होती. आणून टेबलावर ठेवली, झाकण उघडलं.

"काका," ती बाई म्हणाली, "आज नको ना."

"माझं पाळून झालंय," मी म्हणालो. "दोन वर्षं."

ती मुलाकडं बघायला लागली. मुलानं फोन खाली ठेवला. मी बरणीतून एक फोड काढली, न धुता ताटात घेतली, आणि भात संपवला.